दुकान-ऑफिसचे कॉम्प्युटर सुरक्षित कसे ठेवायचे: मालकाने स्वतः करायची कामं, क्रमाने

दोन ते दहा कॉम्प्युटर असलेलं दुकान, टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस, छोटा कारखाना, पॅथॉलॉजी लॅब, ट्रान्सपोर्टवाले, अशांसाठी हे लिहितोय. यांच्याकडे आयटीचा वेगळा माणूस नसतो, एक कॉम्प्युटरवाला असतो, फोन केला की येतो, फॉरमॅट मारतो, प्रिंटर चालू करून देतो आणि जातो. पण मग होतं काय, की विंडोजचा पासवर्ड त्याच्याकडे, जीएसटी पोर्टलवरचा मोबाइल नंबर कन्सल्टंटचा, टॅलीचं लायसन्स सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या ईमेलवर, आणि बॅकअप नक्की कुठे आहे ते कुणालाच सांगता येत नाही. माझं ठाम मत आहे की महागडा अँटीव्हायरस घ्यायच्या आधी या सगळ्या किल्ल्या मालकाच्या हातात आल्या पाहिजेत, आणि उद्या सकाळी कॉम्प्युटर चालूच झाला नाही तरी दुपारपर्यंत बिल फाडता आलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

क्रम मुद्दाम असा ठेवलाय. वेळ कमी असेल तर पहिल्या तीन पायऱ्या या आठवड्यात करा, उरलेल्या महिन्याभरात.

पायरी १: आधी यादी करा

एक साधी वही घ्या, कपाटात कुलुपात राहील अशी. त्यात प्रत्येक कॉम्प्युटरसाठी एक पान: कुठे बसवलाय, कधी घेतला, विंडोज कुठलं, त्यावर कोण बसतं, त्यात कुठला डेटा आहे. मग दुसऱ्या भागात सगळी खाती: जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, इन्कम टॅक्स, बँकेचं नेटबँकिंग, ऑफिसचा ईमेल, टॅली किंवा जे बिलिंग सॉफ्टवेअर असेल ते, वेबसाइट असेल तर डोमेन, म्हणजे वेबसाइटचा नावाचा पत्ता, वायफायचा राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा. प्रत्येकापुढे लिहायचं की यूजरनेम काय, आणि ओटीपी कुठल्या मोबाइलवर येतो, कुठल्या ईमेलवर येतो.

ही ओटीपीची नोंद फार महत्त्वाची आहे. बहुतेकांना इथेच कळतं की आपल्या जीएसटीचा ओटीपी आपल्याकडे येतच नाही. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर ओटीपीशिवाय लॉगिनच होत नाही, म्हणजे ज्याच्या हातात तो मोबाइल त्याच्या हातात तुमचा माल बाहेर काढायचा परवाना. कन्सल्टंट चांगला असेल, वीस वर्षांची ओळख असेल, तरीही नोंदणीचा नंबर आणि ईमेल मालकाचाच हवा, आणि त्यांना काम करता यावं म्हणून ई-वे बिल पोर्टलवर सब-यूजर, म्हणजे मालकाच्या खात्याखालचं त्यांचं वेगळं लॉगिन, तयार करून द्यायचं. कुणी मनाला लावून घेईल म्हणून हे टाळू नका, एकदा बसून शांतपणे सांगितलं की समजूतदार माणूस ऐकतो.

डोमेन असेल तर ते कुणाच्या नावावर घेतलंय तेही बघा. वेबसाइट करून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं असलं तर दरवर्षी रिन्यूअलला तुम्ही त्याच्या भरवशावर, आणि तुमचा ईमेलही त्याच डोमेनवर असेल तर दोन्ही एकदमच जाणार.

पायरी २: बॅकअप, आणि तो खरा बॅकअप

इथे जरा जास्त वेळ घेतो.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे सी ड्राइव्हचा डेटा डी ड्राइव्हला कॉपी करून ठेवलेला. बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क गेली की दोन्ही एकाच वेळी जातात. दुसरा प्रकार म्हणजे पेनड्राइव्ह, आणि तो वर्षभर मागच्या यूएसबीला लावलेलाच. रॅन्समवेअर आलं, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, तर तो कॉम्प्युटरला जे जे जोडलेलं दिसेल ते सगळं लॉक करतो, त्यात तुमचा पेनड्राइव्ह पण आला आणि नेटवर्कवर शेअर केलेलं फोल्डर पण आलं.

जगभर जो नियम पाळतात तो सोपा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक इमारतीच्या बाहेर. आपल्याकडे तो असा बसवायचा:

पहिली प्रत म्हणजे चालू कॉम्प्युटरमधला डेटा.

दुसरीसाठी एक टीबीच्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, एकीवर मार्करने अ लिहा आणि दुसरीवर ब. या आठवड्यात अ दुकानात आणि ब मालकाच्या घरी, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. रोज संध्याकाळी गल्ला मोजायच्या वेळी डिस्क लावायची, बॅकअप घ्यायचा, आणि डिस्क काढून ड्रॉवरमध्ये ठेवायची. काढून ठेवणं हाच यातला महत्त्वाचा भाग आहे, कारण जी डिस्क जोडलेलीच नाही तिच्यापर्यंत कुठलाही व्हायरस पोचत नाही.

तिसरी प्रत क्लाउडवर. गुगल ड्राइव्हमध्ये १५ जीबी फुकट मिळतात, त्यात ईमेल आणि फोटो पण मोजले जातात म्हणून बॅकअपसाठी वेगळं खातं उघडलेलं बरं. छोट्या धंद्याचा टॅलीचा डेटा दाबून फाइल केली तर त्यात सहज बसतो. फाइल टाकायच्या आधी सेव्हनझिप नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने पासवर्ड लावून झिप करा, तुमच्या पार्टींचे नंबर आणि येणी-देणी उघडी क्लाउडवर ठेवायची गरज नाही. आणि एक लक्षात ठेवा, ड्राइव्हचं फोल्डर कॉम्प्युटरशी सिंक करून ठेवलं असेल तर इकडे फाइल लॉक झाली की तिकडची पण लॉक झालेली फाइल चढते. गुगल ड्राइव्ह अशा फाइलींच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस ठेवतं म्हणून वाचायची संधी असते, पण महिनाभर कुणी बघितलंच नाही तर नाही.

टॅलीप्राइम वापरत असाल तर ऑल्ट आणि वाय दाबा, डेटाचा मेनू उघडेल, त्यात बॅकअप आहे, कंपनी निवडा आणि जागा म्हणून एक्स्टर्नल डिस्कवरचं त्या तारखेचं फोल्डर द्या. तारखेचं फोल्डर रोज नवीन, कालच्यावर आज चढवू नका, कारण डेटा चार दिवसांपूर्वी बिघडलाय हे आज कळलं तर चार दिवस आधीची प्रत लागते. किमान शेवटचे पंधरा दिवस आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा एक, एवढे ठेवा. मार्च एंडचा बॅकअप मात्र कधीच पुसायचा नाही. जीएसटी कायद्यात हिशेब वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचेत, म्हणजे हे नुसतं आपल्या सोयीचं काम नाही.

काही जण टॅलीच्या डेटाचं अख्खं फोल्डर उचलून कॉपी करतात, ते पण चालतं, फक्त त्या वेळी कुठल्याच कॉम्प्युटरवर ती कंपनी उघडी नको, नाहीतर अर्धवट कॉपी होऊन पुढे उघडताना एरर येतो. टॅलीबरोबर एक्सेलच्या फाइली, डेस्कटॉपवरचे ड्रॉइंग, स्कॅन केलेले करारनामे, डिजिटल सिग्नेचरचं टोकन कुठे आहे त्याची नोंद, हेही घ्या. डेस्कटॉपवर पडलेल्या फाइली हमखास राहून जातात.

पायरी ३: बॅकअप परत उघडून बघा

हे जवळजवळ कुणीच करत नाही, आणि खरी कसोटी हीच आहे. तीन महिन्यातून एकदा एक तास काढा, दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करतोच आपण, तर एक वेळ ती पकडा आणि बाकीच्या तीन तारखा कॅलेंडरवर लिहून टाका.

आधी चालू कॉम्प्युटरवर बॅकअप घ्यायच्या क्षणी तीन गोष्टी वहीत लिहा: शेवटच्या सेल्स बिलाचा नंबर, संड्री डेटर्सची, म्हणजे गिऱ्हाइकांकडून येणं असलेली, एकूण रक्कम, आणि बँकेच्या खात्याचा क्लोजिंग बॅलन्स. मग दुसरा लॅपटॉप घ्या, घरचा मुलाचा असला तरी चालेल, त्यावर टॅली टाका, लायसन्स नसलं तरी एज्युकेशनल मोडमध्ये डेटा उघडून बघता येतो, फक्त व्हर्जन तुमच्या चालू व्हर्जनइतकं किंवा त्याच्यापेक्षा नवीन हवं. ऑल्ट वाय मधूनच रिस्टोअर करा, बॅकअपची जागा म्हणून एक्स्टर्नल डिस्क दाखवा. कंपनी उघडली की तेच तीन आकडे काढा आणि वहीतल्याशी जुळवा. पैशापैशापर्यंत जुळले तर बॅकअप चांगला आहे. जुळले नाहीत, किंवा कंपनीच उघडत नाही, किंवा दोन कंपन्यांपैकी एकच निघाली, तर ते आज कळलं हे उत्तम झालं. सुरुवातीपासून किती वेळ लागला तेही लिहून ठेवा, खऱ्या अडचणीच्या दिवशी किती वेळ दुकान थांबणार याचा अंदाज येतो. तपासून झालं की त्या लॅपटॉपवरचा डेटा पुसा.

पायरी ४: ईमेल आणि पासवर्ड

ऑफिसचा ईमेल ही सगळ्या खात्यांची मास्टर किल्ली आहे, कारण बाकी सगळ्यांचा पासवर्ड रीसेट त्याच्यावरच येतो. म्हणून पहिल्यांदा तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करा. गुगलच्या खात्यात सिक्युरिटीमध्ये गेलं की मिळतं, शक्यतो ऑथेंटिकेटर ॲप लावा, एसएमएसपेक्षा ते भरवशाचं. तिथेच दहा बॅकअप कोड मिळतात, त्यांची प्रिंट काढून वहीत चिकटवा, मोबाइल हरवला किंवा पाण्यात पडला तर त्याच्यावरच आत जाता येतं.

पासवर्ड सगळीकडे वेगळा हवा. दुकानाचं नाव आणि पुढे एकदोनतीन, किंवा मालकाच्या गाडीचा नंबर, हे पासवर्ड गावातल्या निम्म्या लोकांना ओळखता येतात. चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरात एकापुढे एक टाका, म्हणजे पायरी, कोथिंबीर, वादळ, हातोडा असं काहीतरी, लांब होतो, लक्षात राहतो आणि मशीनला ओळखायला अवघड. फक्त इथे लिहिलेलाच वापरू नका. पंधरा-वीस खाती असतील तर बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर घ्या, साधा वापर फुकट आहे. ते जमत नसेल तर कुलुपातल्या वहीत लिहिलेलं चालेल, लोक याला नावं ठेवतात पण परदेशात बसलेला चोर तुमचं कपाट उघडू शकत नाही. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी मात्र आजच काढा.

आणि माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी संध्याकाळी त्याला माहीत असलेले सगळे पासवर्ड बदलायचे, यात अविश्वासाचा प्रश्न नाही, पुढे काही गडबड झाली तर त्याच्यावर उगाच आळ येऊ नये हाही त्यात फायदा आहे.

पायरी ५: विंडोज

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट म्हणून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय ठेवली, धंद्याच्या मशीनसाठी ती पैसे भरून घ्यावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, म्हणजे २०१७ च्या आधीचे बरेच कॉम्प्युटर त्यात बसत नाहीत. पण सगळे एकदम बदलायची गरज नाही, ज्या मशीनवर नेटबँकिंग आणि टॅली चालतं ते आधी बदला, जुनं मशीन इंटरनेट काढून नुसतं बारकोड छापायला किंवा वजनकाट्याला ठेवा.

क्रॅक विंडोज, म्हणजे लायसन्स न घेता चालवलेलं. हे सर्रास चालतं म्हणून स्पष्ट लिहितो. ते चालू करून देणारा ॲक्टिव्हेटर चालवायच्या आधी डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, बंद करा असं सांगितलं जातं, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने पहारेकरी बाजूला करून अनोळखी माणसाने बनवलेला प्रोग्राम ॲडमिनच्या अधिकाराने चालवता, आणि त्याच मशीनवर मग बँकेत लॉगिन करता. नवीन कॉम्प्युटर घेताना विंडोजचं लायसन्स बिलात वेगळं लिहून मागा.

अपडेट कशाला, तर हे बघा. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं, आणि ज्या त्रुटीतून ते शिरलं तिच्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच देऊन ठेवला होता. ज्यांनी दोन महिन्यात अपडेट मारलं ते वाचले. लगेच पुढच्या महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आलं, ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलं आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क ग्रुपचं टर्मिनल बंद पडलं, कंटेनरचे ट्रक अडकून राहिले. म्हणजे लांब कुठेतरी झालेल्या गोष्टीने आपला माल अडकू शकतो.

अपडेट कामाच्या वेळेत सुरू होतं अशी तक्रार असते आणि ती खरी आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ॲक्टिव्ह अवर्स आहेत, तिथे दुकानाची वेळ घाला, आणि शनिवारी बंद करताना अपडेट अँड शटडाउन करून घरी जा.

आता दोन छोटे बदल, खर्च शून्य. एक, रोजच्या वापराचं खातं स्टँडर्ड करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, तिथून मालकासाठी एक वेगळं ॲडमिन खातं बनवा, त्यात एकदा लॉगिन होऊन बघा, आणि मगच कामगारांचं खातं चेंज अकाउंट टाइपने स्टँडर्ड यूजर करा, क्रम उलटा केला तर स्वतःच बाहेर अडकाल. मग काहीही इन्स्टॉल करताना ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो आणि तिथेच अर्धी संकटं थांबतात. दोन, फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये शो, त्यात फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. इनव्हॉइस डॉट पीडीएफ असं दिसणारी फाइल खरं तर इनव्हॉइस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई असू शकते, शेवटचा तुकडा विंडोज लपवून ठेवतं म्हणून माणूस फसतो.

अँटीव्हायरसबद्दल थोडक्यात. विंडोजमधला डिफेंडर चालू आणि अपडेट असेल तर साध्या ऑफिसला पुरतो. पैसे देऊन घ्यायचा असेल तर पुण्याचा क्विक हील आहे, बाकीचेही आहेत, पण एका मशीनवर दोन टाकू नका आणि लायसन्स संपलेला ठेवू नका.

यूपीएस पण याच पायरीत. लाइट गेल्यावर टॅलीचा डेटा बिघडतो त्याचं कारण बऱ्याचदा व्हायरस नसून यूपीएसची मेलेली बॅटरी असतं. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. महिन्यातून एकदा मेनचं बटण बंद करून बघा पाच मिनिटं तग धरतोय का, आधी सगळं सेव्ह करून.

पायरी ६: एनीडेस्क आणि बाहेरून आत येणाऱ्या वाटा

एनीडेस्क, अल्ट्राव्ह्यूअर ही लांबून कॉम्प्युटर चालवायची कामाची सॉफ्टवेअर आहेत, टॅलीवाला घरबसल्या प्रॉब्लेम सोडवतो. त्रास होतो तो अनअटेंडेड ॲक्सेसमुळे, म्हणजे समोर कुणी नसताना पासवर्ड टाकून आत येता येतं ते. एनीडेस्क उघडा, सिक्युरिटी सेटिंग्जमध्ये बघा तो पासवर्ड लावलाय का, आणि काढून टाका. काम असेल तेव्हा ॲप उघडायचं, माणूस आत आला की स्क्रीनसमोर कुणीतरी बसायचं, झालं की ॲप बंद. बँकेतून बोलतोय, गॅसचं कनेक्शन कट होणार आहे, केवायसी अपडेट करायचंय असं सांगून जो स्वतःहून फोन करून एनीडेस्क टाकायला लावतो तो चोर आहे, यात अपवाद नाही.

याहून मोठी वाट म्हणजे विंडोजचं रिमोट डेस्कटॉप. मालकाला घरून टॅली बघायचंय म्हणून कुणीतरी राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडून देतो. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात, सापडला की पासवर्डांचा मारा सुरू होतो, आणि रॅन्समवेअर आत येण्याच्या नेहमीच्या रस्त्यांपैकी हा एक आहे. कॉम्प्युटरवाल्याला सरळ विचारा की राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलंय का, केलं असेल तर बंद करायला लावा आणि त्याऐवजी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायची कुलूपबंद वाट, बसवून घ्या.

राउटरला हात लावलाच आहे तर त्याचा ॲडमिन पासवर्ड बदला, बऱ्याच ठिकाणी केबलवाल्याने ठेवलेला ॲडमिन-ॲडमिनच असतो. गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचं असेल तर गेस्ट नेटवर्क चालू करून तेच द्या, टॅलीचे कॉम्प्युटर ज्याच्यावर आहेत ते नाही. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा पासवर्ड पण बदला, २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने, म्हणजे ताब्यात घेतलेल्या मशीनच्या जाळ्याने, असेच मूळ पासवर्ड असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइट पाडल्या होत्या.

पायरी ७: पैसे देताना आणि घेताना

छोट्या धंद्याचं मोठं नुकसान बऱ्याचदा असं होतं. नेहमीच्या सप्लायरचा मेल येतो, बिल जोडलेलं, भाषा तीच, सही तीच, फक्त खाली लिहिलंय की आमचं बँक खातं ऑडिटमुळे बदललंय, यापुढे या खात्यात पैसे टाका. मेलचा पत्ता नीट बघितला तर कंपनीच्या नावात इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी टाकलेले असतात, छोट्या अक्षरात दोन्ही सारखेच दिसतात. कधी कधी तर पत्ताही खरा असतो कारण सप्लायरचा मेलच हॅक झालेला असतो.

म्हणून नियम करा आणि भिंतीवर लावा: खातं नंबर बदलल्याचा निरोप कशावरही आला तरी आपल्याकडे आधीपासून असलेल्या जुन्या नंबरवर फोन करून त्या माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय एक रुपया जाणार नाही. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करण्यात अर्थ नाही. आरबीआयच्या आदेशाने १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएसला पण पैसे पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांना द्यायला लावलीय, ते नाव वाचा. अमुक ट्रेडर्सऐवजी एखाद्या अनोळखी व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच थांबा.

काउंटरवर पेमेंट झाल्याचा स्क्रीनशॉट बघून माल देऊ नका, तसले स्क्रीनशॉट बनवायची ॲप मिळतात. साउंडबॉक्स बोलला किंवा आपल्या ॲपमध्ये दिसलं तरच झालं. गर्दीच्या वेळी साउंडबॉक्सचं नेट गेलं तर एका माणसाने फक्त ॲप बघत बसायचं. सकाळी दुकान उघडलं की आपल्याच मोबाइलने क्यूआर स्कॅन करून नाव बघा, वरून दुसरा स्टिकर चिकटवलेला असू शकतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे कामावरच्या नवीन पोरालाही पहिल्या दिवशी सांगा.

एकाच बँकेवर अवलंबून राहू नका. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, ती छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना सिस्टीम पुरवते, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला तात्पुरतं वेगळं काढलं आणि सुमारे ३०० बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय वगैरे अडलं. सहकारी बँकेत खातं जरूर ठेवा, सोबत दुसऱ्या बँकेचा एक क्यूआर ड्रॉवरमध्ये तयार ठेवा.

बँकेला जोडलेला नंबर काउंटरवरच्या फोनमध्ये नको. काउंटरच्या फोनवर दिवसभर व्हॉट्सॲप चालतं, कुणीही ऑर्डर पाठवतं, आणि त्यातच आरटीओ चलन किंवा लग्नाची पत्रिका अशा नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी, फाइल येते. ती टाकली की एसएमएस, म्हणजे ओटीपी, परस्पर चोराकडे जायला लागतात. चलन कधीही एपीकेमधून येत नाही, पत्रिका तर नाहीच. व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लावा आणि आठवड्याला लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघा, ओळखीचं नसेल ते काढा.

पायरी ८: कामावरच्या लोकांना सांगणं

मोठं ट्रेनिंग नको. सोमवारी चहाच्या वेळी दहा मिनिटं बसा, त्या आठवड्यात आलेला एखादा फसवा मेसेज सगळ्यांना मोबाइलवर दाखवा, यात काय चुकीचं दिसतंय ते त्यांनाच विचारा. आणि मालकाने एक शब्द द्यायचा, की चुकून क्लिक केलं आणि लगेच येऊन सांगितलं तर ओरडणार नाही. ओरडा बसेल या भीतीने पोरगी संध्याकाळपर्यंत गप्प राहते आणि तेवढ्या वेळात नुकसान दहापट होतं, असं मी बघितलंय.

पायरी ९: झालंच तर

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार. याच क्रमाने, आणि पहिल्या तासाभरात, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतात आणि मध्येच गोठवले तरच परत मिळतात. हाताशी लागतं ते: व्यवहाराचा यूटीआर नंबर, तारीख-वेळ, रक्कम, समोरचं खातं किंवा यूपीआय आयडी, मेसेजचे स्क्रीनशॉट. बँकेला लेखी कळवा, आरबीआयच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची चूक नसताना तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याची जबाबदारी शून्य, असं म्हटलं होतं, म्हणून पोच घेऊन ठेवा.

फाइली लॉक झाल्या असतील तर पहिल्यांदा नेटवर्कची केबल उपटा आणि वायफाय बंद करा, सगळ्या मशीनचं. बॅकअपची डिस्क घाईघाईत लावू नका, ती पण लॉक होईल. स्क्रीनवरच्या मेसेजचा मोबाइलने फोटो काढा. कॉम्प्युटरवाला आला की लगेच फॉरमॅट मारायला बघेल, त्याला थांबवा. मशीनमधली डिस्क काढून तारीख घालून पाकिटात ठेवायची, नवीन एसएसडी घालून त्यावर विंडोज टाकायचं आणि बॅकअप तिथे रिस्टोअर करायचा. जुनी डिस्क दोन कारणांसाठी लागते, एक म्हणजे पोलिसांना पुरावा, दुसरं म्हणजे नो मोअर रॅन्सम नावाच्या वेबसाइटवर, जी २०१६ पासून युरोपोल वगैरे मिळून चालवतात, काही जातीच्या रॅन्समवेअरची कुलपं उघडणारी फुकट टूल मिळतात, आज नसलं तरी सहा महिन्यांनी येऊ शकतं. पैसे भरू नका. भरल्यावर किल्ली मिळेलच याची खात्री नसते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते, सीएला त्याच दिवशी सांगा. मग दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून सगळे पासवर्ड बदला आणि मोठ्या पार्टींना स्वतः फोन करा की आमच्या नावाने खातं बदलल्याचा मेल आला तर मानू नका.

आणि बॅकअप खरंच नसेल तर? सगळं गेलं असं समजू नका, बरंच परत उभं करता येतं. जीएसटी पोर्टलवर तुमच्या जुन्या जीएसटीआर-१ मध्ये नोंदणीकृत पार्टींना केलेली विक्री बिलवार आहे, जीएसटीआर-२बी मध्ये सप्लायरांनी दाखवलेली खरेदी आहे, दोन्ही उतरवून घेता येतात. ई-वे बिलच्या पोर्टलवरून मालाची ये-जा, बँकेचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये मागवलं की पैशांची. मागच्या ताळेबंदाची आणि लेजरची प्रत सीएकडे असते, तिथून ओपनिंग बॅलन्स. एक चांगला अकाउंटंट बसला की काही आठवड्यांत वर्ष उभं राहतं.

यातून परत न येणारी मोठी गोष्ट म्हणजे किरकोळ गिऱ्हाइकांची उधारी, कारण किरकोळ विक्री रिटर्नमध्ये एकत्र रकमेत जाते, नावं नसतात. त्यामुळे दर महिन्याच्या एक तारखेला आउटस्टँडिंगचा रिपोर्ट काढून, नाव, रक्कम आणि जुन्यात जुन्या बिलाची तारीख दिसेल असा, कागदावर छापा आणि तारीख घालून फाइलला लावा.